पाळीबाहेरचं पाणी

आबा, आज सकाळपासून दारात कुणी आलं नाही, फोनही दोनच आले, म्हणून लिहायला बसले. आम्हा नगरसेवकांची मुदत संपून बरेच महिने झाले. पालिकेवर आता प्रशासक आहे, निवडणूक आज होते, उद्या होते, पण हे गल्लीला कोण समजावणार? गटार तुंबलं की माझं दार वाजतं, खांबावरचा दिवा गेला की माझं दार, पोराच्या शाळेला रहिवासी दाखला हवा की माझंच दार. माझ्या सहीला आता किंमत नाही म्हटलं तर म्हणतात, ताई, तुम्ही नुसता फोन तरी करा. फोन केला की तिकडून विचारतात, कोण बोलतंय? पहिल्या वर्षी तर लोक उंबऱ्यात उभे राहून मलाच विचारायचे, "साहेब आहेत का घरी?" साहेब म्हणजे तुमचे जावई. निवडून आले मी, आणि गाऱ्हाणं सांगायचं त्यांना! तेव्हा मी हसून घ्यायचे. आता हसायचाही कंटाळा येतो. खरंच थकले मी.

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तरी देवपुरात जुनी माणसं मला अजून "पाणीवाल्या आबांची पोर" म्हणतात. तुम्ही पालिकेचे व्हॉल्वमन. पाणी तेव्हाही रोज नव्हतंच, चार दिवसांनी एकेका गल्लीची पाळी यायची. ती लांब लोखंडी चावी सायकलच्या दांड्याला बांधून तुम्ही पहाटेच निघायचात. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, वाकून चावी फिरवायची, की तिकडे हंडे-कळशा वाजायला लागायच्या. आणि तुमची एक रीत होती, ती कुठल्या कागदावर नव्हती. ज्या गल्लीत मयत झालं तिथे पाळी असो नसो, तुम्ही अर्धा तास पाणी सोडायचात. मयताला आंघोळ घालायची असते, तिरडी उचलली की जमलेल्या बायकांना अंगावर पाणी घ्यायचं असतं, घर धुऊन काढायचं असतं. तेवढं पाणी दुसऱ्या कुणाचं तरी कमी व्हायचं, पण त्यावरून कुणी कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. ती वेळ आपल्याही घरावर येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आपल्या घरासाठी मात्र तुम्ही एक थेंब पाळीबाहेर सोडला नाही. मोठ्या ताईला बघायला रावेरचे पाहुणे येणार होते, तो दिवस आठवतो का? मी सातवीत होते. स्वयंपाकघरात आई पुरणाचा घाट घालून बसलेली, पिंप तळाला गेलेलं, आणि पाळी दोन दिवसांवर. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आबा, चावी तर आपल्याच घरात आहे." तुम्ही जेवत होता. हातातला घास ताटात ठेवलात आणि माझ्याकडे बघितलंत. "पानी मनं नही शे, माय. मी नुस्ती चावी फिरावस. परत असं बोलू नको." पाणी तुमचं नाही हे सांगताना आवाज चढवला नाही, तरी मी रडले. आई शेजारणीकडून दोन कळशा मागून आणताना पुटपुटत होती, "गावले पानी पाजस, अन घरमा हंडा कोरडा." तुम्ही ऐकलंत आणि उरलेली भाकरी संपवलीत. मला तुमचा फार राग आला होता, आबा. तो बरीच वर्षं गेला नाही.

निवडणुकीत मात्र मी तुमच्याच नावावर मतं मागितली, लाज कसली! आबांची पोर पाणी वेळेवर देईल, म्हणत घरोघरी फिरले. तेव्हा ज्याचा वशिला त्याच्या गल्लीत दोन-दोन तास पाणी, आणि बाकीच्यांनी नळाकडे बघत बसायचं. बायका अडवून विचारायच्या, "ताई, पानी कव्हय येई?" मी निवडून आले आणि वेळापत्रक करून घेतलं. प्रत्येक गल्लीच्या भिंतीवर वार आणि वेळ रंगवली. पाळीबाहेर कुणालाच पाणी नाही, अगदी मलाही नाही. पालिकेतल्या साहेब लोकांशी भांडले, आमच्याच पक्षातल्यांशी भांडले, पण करून दाखवलं. पाच वर्षांत जीव लावून केलेलं माझं ते एकच काम. मयताचं पाणी मात्र त्यात कुठे बसवावं हे मला सुचलं नाही. तुमच्या हाताखाली शिकलेले, सगळी गल्ली ज्यांना भाऊ म्हणते, ते तेव्हा आमच्या भागाचे व्हॉल्वमन होते. ते तुमच्यासारखे कायम नव्हते, ठेकेदाराकडे होते. भिंतीवर काय रंगवलंय ते त्यांनी वाचलं, मान डोलावली, आणि तुमची रीत गुपचूप चालू ठेवली.

मग मुदत संपत आली असताना एका सकाळी कुणीतरी त्यांचा व्हिडिओ काढला. भाऊ खड्ड्यावर वाकलेत, चावी फिरवतायत, आणि मागच्या भिंतीवर माझंच वेळापत्रक दिसतंय, त्यावरचा वार दुसराच. व्हॉट्सअॅपवर त्याच्यासोबत लिहिलेलं, ताईंच्या माणसाची मनमानी. दुपारपर्यंत तो सगळीकडे फिरला. पक्षातले घरी येऊन बसले. "ताई, आज पत्र दिलं नाही तर तिकीट विसरा." संध्याकाळी मी सही करून पालिकेत पत्र दिलं, की ह्या माणसाला कामावरून कमी करावं आणि पाळीबाहेर पाणी सोडणाऱ्याची गय करू नये. दुसऱ्या दिवशी भाऊंचं काम गेलं. ते भांडायला आले नाहीत. त्या गल्लीत एक म्हातारी गेली होती आणि पाणी त्यासाठी सोडलं होतं, हे चार दिवसांत सगळ्यांना समजलं. लोक विचारायला लागले, ताई, हे काय केलंत? मी म्हणाले, मला माहीत नव्हतं. त्यांना परत घ्या म्हणून मी तीनदा ऑफिसात खेटे घातले, हे खोटं नाही. ठेकेदार म्हणाला, पत्र तर तुमचंच आहे. मग मुदत संपली आणि माझं कोण ऐकणार? भाऊ आता एका कॉलेजच्या गेटवर बसतात. त्यांचे गुडघे दुखतात. समोरून कुणी गेलं की उभं राहावं लागतं, एवढंच ते म्हणतात.

आबा, मागच्या महिन्यात आई गेली. सकाळी चहा मागितला, आणि मी कप घेऊन येईपर्यंत संपलं होतं. पाळी दोन दिवसांवर होती. मी नव्या व्हॉल्वमनला फोन लावला. तो बिचारा चाचरत म्हणाला, "ताई, माफ करा. तुमचं पत्र फाइलला लावलंय. मी सोडलं तर मला काढतील." मी फोन ठेवला. शेजारच्या बायकांनी आपापल्या पिंपातलं पाणी बादलीबादलीने आणलं. व्हॉल्वमनच्या बायकोची शेवटची आंघोळ मागून आणलेल्या पाण्याने झाली. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि मला तुमच्याकडे तोंड करवत नव्हतं, तुम्ही नसूनसुद्धा.

तेवढ्यात भाऊ आले. सायकलला दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधलेले, गेटवरून तसेच सुटून आलेले. आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. गल्लीतली एक बाई माझ्या देखतच त्यांना म्हणाली, हिनेच तुमचं काम घालवलं, आणि तुम्ही हिच्या दारात पाणी आणता? भाऊंनी डोळे पुसले. "असं नको बोलू, बाई. ताईले माहित नव्हतं. माहित ऱ्हातं तं ती सही करती नही. आबानी पोर शे ती." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली.

हे पत्र मला कुठे टाकायचं नाही, म्हणून तरी खरं लिहिते. ज्या सकाळी भाऊंनी ते पाणी सोडलं, त्या सकाळी मी त्या म्हातारीच्याच घरी होते. नगरसेविकेला प्रत्येक मयताला जावंच लागतं. ओट्यावरचा नळ धो धो वाहत होता. निघताना म्हातारीच्या सुनेने मला तांब्या भरून दिला, मी त्या पाण्याने पाय धुतले, घरी आले, आणि संध्याकाळी सही केली.