केबलवरचा पाहुणा

रविवार, २ नोव्हेंबर २००३

दिवाळी उरकली आणि आज घोडेगावात येऊन पडलो. एसटीच्या टपावरून पेट्या उतरवताना कंडक्टरने विचारलं यात काय आहे, म्हटलं डोळे. बिचारा दोन पावलं मागे सरला. पुण्यात नऊ वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काचा घासल्या, आता पंचायत समितीच्या रस्त्याला स्वतःचा गाळा आहे. पाटी 'राजरत्न चष्मेवाले'. गाळ्याचे मालक गेणभाऊ स्वतः शिडी धरून उभे राहिले, मागची खोलीही राहायला दिली. माणूस देवासारखा, फक्त बोलायला लागला की थांबत नाही.

तेजस्विनी आणि यशोधरा तूर्त डिंगोऱ्याला आईजवळ. दुकान जरा रांगेला लागलं की बायको-पोरीला इथे आणायचं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. यशोधरा निघताना म्हणाली, पप्पा, लवकर बोलवा. 

शनिवार, ८ नोव्हेंबर

सहा दिवसांत चार गिऱ्हाईकं, त्यातलं एक तहसील कचेरी कुठे ते विचारायला आलेलं. गेणभाऊ म्हणाले, पाटीला इथे कोण विचारतंय, केबलवर या. गावच्या केबलवर रोज संध्याकाळी सातला 'आपला पाहुणा' लागतो. धंदेवाल्याला बोलवतात, शाल-नारळ देतात, मुलाखत दाखवतात. मग दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही म्हणे. चालवणारा तुळशीदास. त्याचं बोलावणं येईपर्यंत थांबावं, असंही गेणभाऊ म्हणाले.

आपल्याला कसला दम निघतोय. संध्याकाळीच जाऊन कार्ड देऊन आलो. तुळशीदासने कार्ड पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिला. उद्या या म्हणाला.

रविवार, ९ नोव्हेंबर

शूटिंग झालं. केबलच्या ऑफिसात मागे पडदा, एक खुर्ची. खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. माईक बिघडलाय, आवाज नंतर टाकू, तुम्ही नुसतं तोंड हलवा, असं तुळशीदास म्हणाला. लग्नाच्या कॅसेटवर गाणी टाकतात तसं असेल म्हणून मी मुकाट तोंड हलवत बसलो. काय बोलावं सुचेना, तेव्हा बेचा पाढा म्हटला. आवाज भरायला कधी येऊ विचारलं, तर म्हणाला, गरज न्हाई.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गेणभाऊंच्या घरी बसून कार्यक्रम बघितला. आवाज माझाच. चक्क माझा, खोकल्यासकट. आणि बोललो काय झकास! चाळिशीचा चष्मा कसा निवडावा, मोतीबिंदू अंगावर का काढू नये. यातलं एक अक्षर मी बोललो नव्हतो. गेणभाऊ पाठीवर थाप मारून म्हणाले, लई भारी बोलता राव. मी चहा घेतला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुकानात रांग. भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाड्यांतून माणसं आली. तेजस्विनीला फोन करून सांगितलं, तिलाही आनंद झाला.

पण काल परत मुलाखत लागली, नवीच. आजही नवीच. मी बसलो होतो जेमतेम वीस मिनिटं, मग एवढी फीत आली कुठून? आज टीव्हीतल्या त्याने वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांनी जुन्नरला नेऊन मला पहिला चष्मा घेतला, चिंचेची पानं सुटी सुटी दिसली, आणि पोरं हसली म्हणून मी तो विहिरीत टाकला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांनाही नाही, ते जाईपर्यंत. तुळशीदासला हे कुणी सांगितलं? कुणीतरी माझ्या पाळतीवर आहे. गेणभाऊंवरही संशय आला. आता लिहिताना लाज वाटते, पण आला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पिठाच्या गिरणीवाल्या कुशाबाला त्याची बायको अंबाबाई डोळे तपासायला घेऊन आली. त्याने तक्त्याची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. डोळे शाबूत आहेत, मग तक्रार काय, विचारलं. अंबाबाई रडायलाच लागली. हे मला वळखत न्हाईत, म्हणाली. कुशाबा हळूच माझ्या कानाशी आला आणि बाई चांगली आहे पण कोण आहे, असं विचारू लागला. दिवाळीआधी तोच पाहुणा होता, महिनाभर. अजूनही दुपारी लागतो म्हणे, केबलवर हसत असतो.

दिवसभरात दोन काचा फुटल्या.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गुरुवारचं पान वाचलं. चिंच, विहीर, वडील. अक्षर माझं आहे. पण मला यातलं काही आठवत नाही. वडिलांचा चेहराही नाही. तो जे सांगतो ते माझ्यातून जातं, त्याचं होतं. आज त्याने पुण्यातली नऊ वर्षं सांगितली. मी पुण्यात होतो, असं पहिल्या पानावर लिहिलंय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तुळशीदासकडे जाऊन कॅसेट मागितली. त्याने लगेच काढून दिली. मला भांडायचं होतं, त्याने भांडूच दिलं नाही. म्हणाला, "तुमची कॅसेट त्या मंगळवारीच संपली, भाऊ. पुढचं मी लावलेलं न्हाई. आन् मी कुणाला बोलवत बी न्हाई. तुमीच येता."

घाबरलेला तोही होता. दार लावून घेतलं त्याने.

कॅसेट चुलीत घातली. सातला कार्यक्रम लागला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज आई सांगितली. डिंगोऱ्याचं घर सांगितलं. शेवटी म्हणाला, उद्या घरची माणसं. हसून म्हणाला.

त्या दोघी तरी राहू देत. बाकी सगळं ने बाबा.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी फोन केला की येऊ नका. तेजस्विनी हसली. म्हणाली, आत्ताच तर तुम्ही फोन करून उद्याच्या गाडीने या म्हणालात. मी केला नव्हता. शपथेवर सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही दमलाय, आम्ही येतोच.

चिठ्ठी लिहून खिशात ठेवली. बायको तेजस्विनी, मुलगी यशोधरा, वय सहा. डाव्या भुवईवर खूण —

सात वाजले. कान दाबून बसलो. पण गल्लीत घराघरात तोच —

रविवार, २३ नोव्हेंबर

स्टँडवर गेलो. अकराची गाडी आली. बायका उतरल्या, पोरी उतरल्या. चिठ्ठी हातात, पण चिठ्ठीवर चेहरा कुठे असतो? एकेका पोरीची भुवई बघत होतो, तर एका बाईने शिवी दिली.

एक पोर पप्पा म्हणत पळत आली. मी हात पुढे केले. ती माझ्या बाजूने पुढे गेली. मागे कुणीतरी तिला उचललं. ती त्याच्या मानेला बिलगली. बाई पिशवी त्याच्या हातात देत होती, त्याच्याकडे बघून हसत होती. तो खोकला. माझ्यासारखा —

मी त्यांच्या मागे गेलो नाही. का गेलो नाही? माझी आहेत हे कशावरून सांगणार होतो?

दुपार. दुकानात बसलोय. गिऱ्हाईकं दारात येतात, आत बघतात आणि मालक नाहीत म्हणून परत जातात. मी समोर उभा —

गेणभाऊ आले. सोबत तो. पोरगी त्याच्या कडेवर. आज घरचे आलेत, दुकान लवकर बंद करतो, असं सांगतोय. गेणभाऊंनी आत डोकावून विचारलं, उजेड दिसतोय, कोण हाय का?

तो म्हणाला, "आत कोणी न्हाई, गेणभाऊ. ओढा शटर."

शटर अर्ध्यावर आलंय. पोरीचे पाय दिसतात. गेणभाऊ, मी आहे. आत मी आहे, मी —