ग्लासगोचा अनवाणी

रत्नागिरी, ता. १२ नोव्हेंबर १९३४

चिरंजीव धाकू यास सावित्रीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम, आप्पांचा गुडघा सोडून; आणि तोही कुणी काम सांगितलं तरच दुखतो.

तुझं पत्र आणि वर्तमानपत्रातलं चित्र पावलं. खलाशी म्हणून बोटीवर चढलास, ग्लासगोला उतरलास तो परत चढलाच नाहीस, आणि आता तिथला एक फुटबॉलचा क्लब तुला चेंडू लाथाडायचा पगार देतो, हे आप्पांना समजावताना माझी चौथीच्या वर्गाची शिकवणी बरी म्हणायची वेळ आली. लाथाडायचा पगार ही गोष्ट त्यांना पटेना. मग मी कचेरीतल्या दोन-चार साहेबांची नावं घेतली, तेव्हा पटली.

चित्र भिकाजीच्या दुकानात लावलंय. सारा मिरकरवाडा बघून गेला. वर काय लिहिलंय ते मास्तरीण म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं: हिंदुस्थानचा अनवाणी जादूगार. सगळे खूश झाले. आप्पा मात्र चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बाकी दहाजणांच्या पायांत बूट आहेत, आपल्याच पोराला का दिले नाहीत. अनवाणी खेळतो हेच तर कौतुक आहे, असं मी सांगितलं. त्यावर तिकडे थंडी फार असते एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी गुडघा विसरून मोटारीने पालीला गेले आणि तुझ्यासाठी वहाणा घेऊन आले. महिपत खलाशी आहे त्या बोटीची फेरी ग्लासगोला यायची आहे, त्याच्याकडे दिल्यात. पोचल्या की कळव.

लोभ आहेच. उतू गेला तर तिकडे पाठवीन.
तुझी अक्का

ग्लासगो, ता. ८ जानेवारी १९३५

तीर्थस्वरूप अक्कास धाकूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी खुशाल आहे.

महिपत वहाणा देऊन गेला. आमच्या घरमालकिणीने त्या हिंदुस्थानची कलाकुसर म्हणून शेगडीवरच्या फळीवर मांडल्यात. काढून पायांत घालायचा मला धीर होत नाही.

आप्पांना सांग, क्लबने बूट नाकारलेले नाहीत. मीच मागितले नाहीत. मिरकरवाड्याच्या पुळणीवर वाळूत खेळलो तसाच इथे खेळतो, फक्त पायांना पट्ट्या बांधतो. चेंडू कुठे वळायचाय ते बोटांना आधी कळतं. गावभर भिंतींवर माझ्या जाहिराती आहेत. तोंड नाही, नुसते दोन पाय. माणसं पोरांना खांद्यावर बसवून आणतात. खेळ संपल्यावर एका बाईने माझ्या पावलाला बोट लावून स्वतःचं बोट बघितलं. रंग लागला नाही म्हणून जराशी हिरमुसली.

सध्या मैदान गोठून कातळासारखं झालंय. उजव्या पायाच्या करंगळीला थोडं काही झालंय. मालकीण मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवायला लावते. विशेष नाही.

आप्पांना नमस्कार. माझ्यावर माया ठेव, रागाचं नंतर बघू.
धाकू

रत्नागिरी, ता. २८ मार्च १९३५

चिरंजीव धाकू यास आशीर्वाद. वि. वि. शिमगा पार पडला, घसे बसलेत, बाकी ठीक.

पत्र दोनदा वाचलं. जाहिरातीबद्दल भरभरून लिहिलंस, गोल किती केलेस ते राहून गेलं. करंगळीला 'थोडं काही' झालंय म्हणतोस. लहानपणी तू विहिरीत पडलास तेव्हाही वर येऊन थोडा भिजलो असंच म्हणाला होतास. तेव्हा नीट लिही.

यंदा शिमग्याची सोंगं नाचवत खेळे आपल्या अंगणात आले. संकासुराचं सोंग रघूने घेतलं होतं. काळी कफनी, उंच टोपी, कमरेला घुंगरं. पोरं मागे धावली, बायकांनी ओवाळलं, आप्पांनी नारळ दिला. खेळे गेल्यावर आप्पा म्हणाले की पोरं धावली ती सोंगामागे, टोपी काढली असती तर रघूला कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं. मग मला विचारलं, आपला धाकू तिकडे खेळायला गेलाय की खेळ्यांत गेलाय. मी चौथीपर्यंतच शिकवते. हा प्रश्न पुढच्या इयत्तेतला आहे, तुझा तूच सोडव.

वाईट वाटून घेऊ नकोस; घेतलंसच तर थोडंसं. आशीर्वाद आहेत ते तसेच.
अक्का

ग्लासगो, ता. ९ जुलै १९३५

ती. अक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्राला उशीर झाला, कारण तुझ्यावर रागावलो होतो. आता नाही.

करंगळीचं नीट लिहितो. ती काळी पडली होती. डॉक्टरने वाचवली, पण आणखी एक हिवाळा अशी थंडी खाल्ली तर ठेवता येणार नाही म्हणाला. शिवाय दुखत्या पायाने मी चेंडू टाळायला लागलो होतो. लोकांना ते कळलं नाही, ते पायच बघत होते. गोल विचारलेस. वर्षभरात चार. बूटवाल्याने एवढेच केले असते तर त्याला कधीच घरी बसवला असता.

आमच्या सरावाच्या मास्तराने जुने बूट दिले. सध्या सामने नाहीत, तेव्हा रोज सकाळी ते घालून पळतो. आधी वाटलं, डोळे बांधून जेवतोय. आता घास तोंडात जातो. परवा क्लबच्या सेक्रेटरीला सांगितलं, यंदा बूट घालून खेळेन. तो खूप हसला. म्हणाला, बूट घालणारे त्याला गल्लीत पैशाला पासरी मिळतात, लोक तिकीट काढतात ते पायांचं. पुढच्या वर्षाच्या कराराचा कागद पुढ्यात ठेवलाय. त्यात पायांबद्दल अक्षर नाही, पण समजून घ्यायचं. सही केली नाही तर पुन्हा बोटीवर खलाशी. सही केली तर संकासुर. तुझं उत्तर येईपर्यंत माझं काहीतरी ठरलेलं असेल, तरी लिही. निदान कुणाचंतरी ऐकलं नाही असं होईल.

आप्पांची मर्जी राहू दे, तुझी तर गृहीत धरलीय.
धाकू

रत्नागिरी, ता. २ ऑगस्ट १९३५

चि. धाकू यास आशीर्वाद. वि. वि. पाऊस, शाळा आणि मी, तिघंही चालू आहोत.

तुझं पत्र आप्पांना वाचून दाखवलं, करंगळीसकट. त्यांनी एवढंच विचारलं, बूट घालून त्याला खेळता येतं का. येत असेल तर घालावेत. येत नसेल तर शिकावं. तेही जमलं नाही तर घरी यावं, होडीवर माणूस हवंच आहे, आणि होडीवर कुणी तिकीट काढून पाय बघायला येत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर तुझ्या अनवाणीपणामुळे माझा इथे बराच मान वाढलाय. मुख्याध्यापिका बाई स्वतःहून खुर्ची देतात. ती खुर्ची जाईल. मला उभं राहायची सवय आहे.

कळावे. आठवण असू दे, काळजी आमच्याकडे सोपव.
अक्का

ग्लासगो, ता. ३ डिसेंबर १९३५

ती. अक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र यायच्या आत मी सही करून बसलो होतो. पहिले सामने मैदान मऊ होतं म्हणून अनवाणीच खेळलो. मग तुझं पत्र आलं आणि पुढच्या सामन्याला बूट घालून बाहेर आलो.

 लोक काढ, काढ म्हणून ओरडायला लागले. पैसे परत मागणारेही होते. पहिल्या अर्ध्यात माझ्या पायातून चेंडू कुठे गेला ते चेंडूलाच ठाऊक. दुसऱ्या अर्ध्यात एक गोल झाला, पण तोवर सेक्रेटरी उठून गेला होता. त्यानंतर मला खेळवलं नाही. महिन्याभराने कागद फाडला.

बोटीची चौकशी करत होतो, एवढ्यात त्या मास्तराने चिठ्ठी दिली. कोळशाच्या खाणीचं एक लहान गाव आहे, तिथल्या क्लबाला उजव्या कडेला माणूस हवा होता. त्यांनी सामान उघडून बूट आहेत का बघितलं आणि धावायला लावलं. माझे पाय त्यांनी बघितलेच नाहीत. पगार कमी आहे. गेल्या शनिवारी पहिला सामना झाला. तिथल्या वर्तमानपत्रात माझ्याबद्दल एकच ओळ आली. मराठी करून देतो: उजव्या कडेचा नवा माणूस फार ढिला खेळला, पास उशिरा देतो.

अक्का, ही ओळ मी रात्री पुन्हा पुन्हा वाचली. पास खरंच उशिरा देतो मी.

तुमचा आहेच, तसाच राहू दे.
धाकू

रत्नागिरी, ता. २६ डिसेंबर १९३५

चिरंजीव धाकू यास आशीर्वाद. वि. वि. सर्व क्षेम, गुडघ्यासह.

ती ओळ आप्पांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, पायांबद्दल काही लिहिलंय का. नाही म्हटलं. काळा, हिंदुस्थानी, जादूगार असं काही आहे का, म्हणाले. तेही नाही. मग त्यांनी ओळ पुन्हा वाचायला लावली, टोपी घातली आणि बाहेर पडले.

संध्याकाळी मी बंदरावर मासळी आणायला गेले तर कोळणी मला अडवून विचारत होत्या की धाकूचं काय बिघडलं. म्हातारा सकाळपासून होडीहोडीवर जाऊन, न विचारता, सगळ्यांना सांगतोय म्हणे, की विलायतेत आमचा धाकू परवा वाईट खेळला.

आशीर्वाद. पास वेळेवर देत जा.
अक्का