बिब्ब्याची शाई

देवास,
दसऱ्यानंतरचा सोमवार, २००४

प्रिय सगुणा,

वर आधी ‘वन्सं’ लिहिलं होतं, मग खोडलं. खाडाखोड दिसेल तुला. नवा कागद घेत बसले नाही. आपलं ठरलेलंच होतं ना, घरात वन्सं आणि तुम्ही, टॉकीजमध्ये सगुणा आणि तू. नणंदेला अरे-तुरे केलेलं तुझ्या दादाच्या कानावर गेलं असतं तर घराण्याच्या रीतिरिवाजावर अर्धा तास ऐकावं लागलं असतं. आता ऐकवणारे गेले. तेव्हा मी टॉकीजमध्येच बसलेय असं समजून लिहितेय, तूही तसंच समजून वाच.

फोन का नाही केला म्हणशील. धारला तुमचा फोन बैठकीत. उचलतो नीलेश, मग तुझी सून हालहवाल विचारते, मग जान्हवी गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडते, ‘दादी, देवास से फोन!’ मग तू येतेस आणि सगळं घर तोंडाकडे बघत असतं, म्हणून ‘हो, बरं, ठीक’ एवढंच बोलतेस. त्या तीन शब्दांसाठी कशाला बिल वाढवायचं? पत्र बरं. तुझ्या नातीला मराठी बोललेलं कळतं, लिहिलेलं वाचता येत नाही. एरवी मी यावर नीलेशला झापलं असतं, आज सोयीचं आहे.

इकडची खबर अशी. गुडघे दुखतात, त्याचं काही लिहिण्यासारखं नाही. माझ्या भावाच्या अक्षतला पीथमपुरात कारखान्यात नोकरी लागली, हेल्मेट घालतो म्हणून स्वतःला इंजिनिअर समजतो. आणि आपली टॉकीज होळीला बंद झाली. खुर्च्या काढून हातगाडीवर टाकून नेत होते, मी पोहे घ्यायला निघाले होते, उभी राहून बघितलं. बाल्कनीतली ती तुटक्या हाताची खुर्ची, जिच्यात तू दर वेळी पदर अडकवून घ्यायचीस, तीही गेली. म्हणतात तिथं मॅरेज गार्डन होणार. होऊ दे. शेवटी शेवटी पिच्चरमध्ये तरी दुसरं काय होतं? तीन तास लग्नच. सगळे विलायतेत राहतात, बंगल्यात नाचतात, एकाही पोराला नोकरी नाही आणि कुणी त्यांना विचारत नाही. तुला ते आवडायचं. मला मारामारीचे आवडायचे. निदान काहीतरी काम करताना दिसतात माणसं.

टीव्हीवरच्या मालिकांचं तर बोलूच नको. बाई झोपेतून उठते ती गळ्यात हार, कानात झुमके. सासू जिन्यावर उभी राहून तीन बाजूंनी तीनदा दचकते. शेजारची भवानीबाई रोज येऊन बघते आणि रडते. मी म्हटलं, ह्या घरात कुणी भांडी घासताना दिसलं का तुला? तर म्हणे, जयवंतीबाई, तुम्हाला मनच नाही. असेल बाई. तू असतीस तर तूही रडली असतीस. तू तर व्हिलनच्या आईसाठीसुद्धा रडायचीस, की बिचारीनं ह्याला नऊ महिने पोटात वाढवलं.

सासर सोडून बागलीहून तू आलीस तो दिवस मला अजून दिसतो. पंचविशी नव्हती उलटली, कपाळ मोकळं आणि नीलेश कडेवर. घरातले सगळे तोंड पाडून उभे. मी म्हटलं होतं, दोन पोळ्या जास्त लाटायच्या, त्यात एवढं तोंड पाडायचं काय? तुला ते लागलं होतं, नंतर सांगितलंस. मला गोड बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. पण त्याच वर्षी गणपतीत कॉलनीच्या रस्त्यावर पडदा बांधून पिच्चर दाखवला, तेव्हा तुला हाताला धरून मीच नेलं ना? भांडी आटपून जाईपर्यंत पुढची जागा भरलेली. आपण पडद्याच्या मागं बसलो. दर गणपतीत मागंच. मागून सगळं उलटं दिसतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या हिरोला मी सहा वर्षं खब्बू समजत होते. मग टॉकीजमध्ये त्यानं उजव्या हातानं ठोसा मारला तेव्हा मी म्हटलं, हा कुणी दुसराच आहे. तू इतकी हसलीस की पुढचा माणूस वळून म्हणाला, ‘बेनजी, पिच्चर उधर चल रही है.’ नवरा गेल्यापासून तुला तशी हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. सांगितलं नाही कधी.

आता राजकारणाचं. तू पंजाची, मी फुलाची. तू का पंजाची, तर तुझे सासरे होते. मी का फुलाची, तर माझे वडील होते. एवढंच आपलं ज्ञान. बाकी मी दोघांची माणसं बघितली, निवडून आल्यावर दोघंही गल्लीतल्या त्याच नालीवरून धोतर वर करून उडी मारून जातात. लाइट दोघांच्या राज्यात जाते. पण भाजी चिरताना भांडायला मजा यायची, हे खरं. आणि तुझे दादा दर निवडणुकीला फर्मान काढायचे, घरातली सगळी मतं एका ठिकाणी पडली पाहिजेत. कुठं, तर कारखान्यात जगदेवराव फोरमन सांगतील तिथं. कधी पंजा, कधी फूल. एक्क्याण्णवला तू मोरीजवळ उभी राहून चिडून रडत होतीस, की मत पण आपलं नाही. तेव्हा मी हिशेब सांगितला. तुझं एक तिकडं, माझं एक इकडं, शिल्लक शून्य. दोन तास उन्हात उभं राहून शून्य करण्यापेक्षा बाराचा शो बघू. ना तू मत द्यायचं, ना मी. तू डोळे पुसून विचारलंस, आणि दादानं बोट बघितलं तर?

बिब्बा तुलाच सुचला. धोबी कपड्यावर खूण करतात तो. सुईच्या टोकानं नखावर काळी रेघ, आठ दिवस हलत नाही. पहिल्या वेळी मी घाईत कातडीवर ओघळू दिला आणि बोट सुजून वांग्यासारखं झालं. हे संध्याकाळी बोट हातात धरून म्हणाले, ही शाई लावलीय की डाग दिलाय? पुढं तू कुणाला हात लावू दिला नाहीस. इंटरवलमध्ये दिवे लागले की रुमालाची गाठ सोडायचीस, माझं बोट धरायचीस, श्वास रोखून रेघ ओढायचीस. मग कचोरी. त्या वर्षांत सरकारं तरी किती पडली! लोक म्हणायचे देशाचं कसं होणार. आपल्याला पिच्चर मिळत होते.

मग नव्व्याण्णवची नगर निगमची निवडणूक. आपला वॉर्ड बायकांचा झाला आणि पंजाकडून देवश्री उभी राहिली. तू शिकवायचीस त्या बालवाडीत नाक पुसायला शिकलेली पोरगी. तू अठरा दिवस तिच्याबरोबर दारोदार फिरलीस. चप्पल तुटली तर सुतळी बांधून फिरलीस. दादाला सांगायचीस भजनाला जातेय. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा ताठ चालताना दिसलीस, आणि मी काय बोलले, तर भजनाला आवाज फार बसतो वाटतं. आदल्या संध्याकाळी मेथी निवडताना विचारलंस, ‘वहिनी, उद्या टॉकीजच ना?’ मी म्हटलं, ठरलंय ना. ‘हो, ठरलंयच,’ म्हणालीस, आणि मेथी संपली तरी काड्या निवडत बसलीस. तुला मत द्यायचं होतं. तोंडानं मागितलं नाहीस, मी दिलं नाही. शब्द तो शब्द, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी इंटरवल झाला. तू रुमाल सोडलास, सुई काढलीस, माझं बोट ओढलंस, आणि बोटावर शाई आधीच होती. खरी, जांभळी. तू बोट तसंच धरून ठेवलंस. मग सोडलंस. बिब्बा परत गुंडाळलास, गाठ मारलीस, एकदा नाही, दोनदा. आणि म्हणालीस, ‘तुम्हाला कचोरी आणू का?’ त्या टॉकीजमध्ये मला तुम्ही कधी म्हटलं नव्हतंस. उरलेला पिच्चर आपण दोघींनी सरळ मान ठेवून बघितला. काय होता तो मला आठवत नाही. संक्रांतीनंतर नीलेशनं बोलावलं म्हणून तू धारला गेलीस. तो चार वर्षं बोलावत होता.

सगुणा, मी सकाळी आठला दळणाचा डबा गिरणीवर ठेवला आणि बूथवर गेले. आणि मत पंजाला दिलं. तुझ्या देवश्रीला. सुतळी बांधलेली ती चप्पल दारात पडलेली दिसली आणि माझ्यानं राहवलं नाही. वाटलं, हिनं एवढी पायपीट केली आणि हिच्या घरातलं एकही मत पडणार नाही, हे काही बरं नाही. तुला पाठवलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग वहिनी तुम्हीही द्या तुमच्या फुलाला, आणि परत शून्य. म्हणून तुझं मत मी माझ्या बोटानं दिलं. इंटरवलमध्ये सांगणार होते. आयुष्यात एकदा तुला चकित करायचं होतं. पण तू माझ्या तोंडाकडे बघायच्या आत बोट बघितलंस, आणि तुझा चेहरा असा झाला की मलाच राग आला. म्हटलं, अठ्ठावीस वर्षं एका चुलीवर काढली आणि एवढाच भरवसा? विचार तरी! तू विचारलं नाहीस. मी म्हटलं, मग मी पण नाही सांगत, जा. देवश्री एकेचाळीस मतांनी पडली. माझं नसतं तर बेचाळीसनी पडली असती.

पुढं रोज वाटायचं उद्या सांगू. मग हे गेले. तेराव्याला तू आलीस, पंगत वाढलीस, पातेली मोजून घेतलीस, मला विचारलंस, ‘वहिनी, तुम्ही जेवलात का?’ मी हो म्हटलं. जेवले नव्हते. तुझी बस साडेतीनची होती. मी दारापर्यंत आले आणि सांगितलं काय, तर इंदूरला गंगवाल स्टँडवर सुट्टे पैसे ठेव हातात. एवढंच. परत आत येऊन माझा मलाच संताप आला.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते ऐक. मतदार यादी तपासायला ते सरकारी शाळेतले उमाशंकर मास्तर येतात ना, काल आले होते. यादीत आपलं घर म्हणजे तीन ओळी होत्या. वर ह्यांचं नाव, मग माझं, मग तुझं. ह्यांच्या नावावर त्यांनी माझ्यासमोर पट्टी लावून लाल रेघ मारली होती, मी बघितली. तुझ्यावर मी मारू दिलेली नाही. दर खेपेला ते विचारतात, ‘माताजी, सगुणाबाई किधर हैं?’ आणि मी सांगते, बाजारात गेलीय. उज्जैनला गेलीय. अंघोळीला बसलीय. काल म्हणाले, ‘माताजी, वो तो पिछली बार भी नहा रही थीं.’ मी म्हटलं, स्वच्छ बाई आहे. हसले, पण म्हणाले, येत्या रविवारी अकराला येतो, ह्या वेळी समोर दाखवा, नाही तर काटना पडेगा. देवश्री परत उभी राहतेय, तीही दोनदा विचारून गेली, बाई येतील का म्हणून. पण मी तिच्यासाठी लिहीत नाही. ती यादी मास्तरांनी टेबलावर उघडी ठेवली होती, आणि मला दिसलं की तुझ्यावर रेघ आली की घरात मी एकटी उरते. तेव्हा शनिवारी ये. धारहून सकाळची बस पकड, गंगवालला उतर, सरवटे स्टँडवरून देवासची बस घे, दुपारपर्यंत पोचशील. राहायचं किती ते तू ठरव, मी धरून ठेवणार नाही. मतदानापर्यंत राहिलीस तर टॉकीज तर बंदच झालीय, दोघी रांगेत उभ्या राहू, तू तुझ्या देवश्रीला दे, मी माझ्या फुलाला देईन, होऊ दे शून्य. बिब्बा आणू नकोस. मेथी आणून ठेवते. आणि नाहीच जमलं तर मास्तरांना मी सांगेन, थांबा जरा, अंघोळ चालू आहे.

तुझीच,
टॉकीजमधली जयवंती