भरतीच्या फलकावरील मोकळी जागा भरण्याबाबत

प्रति,
मा. जाहिरात परवाना अधिकारी,
नवी मुंबई.

विषय : दिवाळे गावाजवळच्या वळणावरील सैन्यभरतीच्या फलकात एक माणूस वाढवून मिळणेबाबत.
संदर्भ : गेल्या महिन्यात आपण खिडकीवर दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

मी दिलीप गोटीराम तांडेल, राहणार दिवाळे, रबाळ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त. फलक नियमात आणि मापात आहे, असे आपण सांगितलेत. ते मान्य. फलक हटवण्याची मागणी मी मागे घेतो.

फलकावर जवान ओळीने उभे आहेत आणि मध्ये एका माणसाएवढी जागा मोकळी सोडली आहे. खाली लिहिले आहे, 'ही जागा तुझी'. ज्याने हे केले त्याला माणसे कळतात. शूर व्हा, असे कुठेही म्हटलेले नाही. तुमच्यावाचून अडले आहे, एवढेच दाखवले आहे. मोबाईल खाली धरून फोटो काढला की समोर उभा असलेला माणूस बरोबर त्या ओळीत बसतो. गावातल्या बहुतेक पोरांनी तसे फोटो काढले आहेत. माझा मुलगा प्रीतम त्यात फार छान दिसतो.

प्रीतम दरवेळी धावण्यात पास झाला आणि दरवेळी कानाच्या तपासणीत बाद झाला. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येते. जाहिरात वाचायला कान लागत नाही. आता वयही निघून गेले. तरी तो रोज वळणापर्यंत पळत जातो आणि पाहून येतो. नोकरी सांगून आली तर नको म्हणतो. त्याची आई पुतळाबाई आधी रडायची, हल्ली रडत नाही. मलाही आता फारसे काही वाटत नाही, याचीच भीती वाटते. एकदा रागावलो तेव्हा तो म्हणाला, "जागा आजून रिकामीच हाय ना, बाबा? मंग?"

सबब विनंती, की त्या जागेत कोणीतरी माणूस छापावा. देखणा नसला तरी चालेल. जाहिरातीचे नुकसान नको, म्हणून इतर फलकांवर जागा मोकळीच ठेवावी. फक्त आमच्या वळणावर भरती संपलेली दिसावी.

माणूस मिळण्याची अडचण असल्यास माझा फोटो जोडला आहे. वय एकसष्ट आहे, पण मिशी काळी केली आहे, लांबून कळणार नाही. प्रीतमला मात्र कळेल, आणि बापाला बाजूला हो असे तो म्हणणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
दिलीप गोटीराम तांडेल
दि. १४ जून २०२५

सोबत : अर्जदाराचा पूर्ण उंचीचा फोटो, सावधान उभा.