अज्जीचं नाव

मद्दूर, ता. ४ जून १९८६

चि. सौ. नागवेणीस अम्माचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे ठीक.

तुंगाला चार वर्षं सरली. मागे आलात तेव्हा मी मुद्दाम तिच्या पाठीमागे पितळी टाकली, तर दचकून मान वळवली पोरीने. डॉक्टरही म्हणाले, कान खणखणीत आहेत. तुम्हा दोघांचा बहिरेपणा तिच्यात उतरला नाही, ही केवढी देवाची कृपा! आणि तरी ती मला अजून अज्जी म्हणत नाही, नुसते हात हलवते. बोलणं ऐकणार तरी कोणाचं बिचारी? तुम्ही दोघं दिवसभर लेथवर खेळणी कातता, घरात शब्द म्हणून पडत नाही. तीन महिने तिला माझ्याकडे ठेव. पहिला महिना तुम्ही फिरकू नका, नाहीतर पुन्हा हात सुरू होतील. जावईबापूंना सांग, म्हातारी नात खात नाही.

तुझी,
अम्मा

चन्नपट्टण, ता. ९ जून

ती. अम्मास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून हे धड जेवत नाहीत. त्यांचं म्हणणं, पोर एकदा बोलायला लागली की आपल्याला विसरेल. धास्ती मलाही तीच आहे, खोटं कशाला सांगू? पण पुढल्या वर्षी शाळा आहे, तिला बोलता आलंच पाहिजे. आमच्या गल्लीतली पोरं इतकी गुणाची, की तिच्याशी भांडतातसुद्धा हातांच्या खुणांनीच. मग ती तोंड कशाला उघडेल? शनिवारी आणून सोडते. एकच मागते, तिचे हात मोकळे असू देत.

माझ्या वाटचा लोभही तिच्यावरच कर.

नागवेणी

मद्दूर, ता. १४ जुलै

चि. सौ. नागवेणीस आशीर्वाद. अगं, बोलली!

तीन आठवडे मी पाटी घेऊन बसले, माझं तोंड दुखलं, पण हिने ओठ उघडले नाहीत. शेवटी शेजारच्या राजम्माच्या नातींनी लंगडी खेळताना हिला बाद ठरवलं. रेघेवर पाय पडला म्हणे. तर ही कमरेवर हात ठेवून किंचाळली, नाही पडला! तेव्हापासून तोंडाला खळ नाही. नाचणीचा गोळा नको, भातच हवा, म्हणून मला ठणकावते. शिकवलं त्या कार्ट्यांनी आणि मैसूरपाक वाटला मी.

हात मात्र अजून चालतात. चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणून मी ते पदराखाली धरून ठेवते. मला वाटतं, तिला इथल्याच शाळेत घालावं. तुम्ही सणावारी येऊन भेटत जा.

अम्मा

चन्नपट्टण, ता. १७ जुलै

ती. अम्मास नमस्कार. तुंगा बोलली हे वाचून हे लेथ बंद करून रडत बसले. २७ तारखेला आम्ही तिला न्यायला येतो. तोवर तिचे हात धरू नकोस, तुझ्या पाया पडते.

नागवेणी

मद्दूर, ता. २१ जुलै

चि. सौ. नागवेणीस आशीर्वाद.

काल तुंगाला सहज विचारलं की घरी हातांनी कोणाला काय म्हणता. बाबा म्हणजे लेथची फिरकी. मावशी म्हणजे नाकातली चमकी. मग विचारलं, अज्जी म्हणजे काय? तिने हसत हसत दोन्ही मनगटं एकावर एक ठेवली, घट्ट. असं का, ते तिला माहीत नाही. अज्जी म्हणजे असंच, म्हणाली.

मला माहीत आहे. तू सहा वर्षांची होतीस. हात बांधले की जीभ सुटेल, असं शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, आणि मी रोज दुपारी लाल रिबिनीने तुझे हात बांधत होते. तू रडायचीस, मी आणखी आवळायची. बोल काही फुटले नाहीत. पंचवीस वर्षं तू मला याच नावाने ओळखतेस, आणि आता ते माझ्या नातीच्याही हातात उतरलं. चुकलं गं माझं. पोर तुमची आहे. तुम्ही येऊ नका, शनिवारी मीच तिला घेऊन येते. जमलं तर या म्हातारीला दुसरं नाव दे.

अपराधी,
अम्मा

चन्नपट्टण, ता. २३ जुलै

ती. अम्मास सा. न. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं. राग गेला असं लिहिणार नाही, गेलेला नाही. ते नाव मी तुंगाला शिकवलं नव्हतं. आमचं बघून तिने उचललं. दुसरं नाव कागदावर देता येत नाही, त्यासाठी इथे राहून आमचं बोलणं शिकावं लागेल. गल्लीतली पोरं शिकवतील तुला, चुकलीस तर हसतीलही. महिनाभर राहायच्या तयारीने ये.

येताना पिशव्या फार आणू नकोस. बसमधून उतरशील तेव्हा तुझे दोन्ही हात मोकळे असू देत.

तुझी,
नागवेणी