मधली रेघ

प्रिय खोडरबर,

हे नाव वाचून दचकू नकोस. आता तू विभागप्रमुख आहेस, तुझ्या दारावर पाटी आहे आणि पाटीखाली भेटायच्या वेळा लिहिल्या आहेत, सगळं मान्य. पण आपल्या पहिल्या तुकडीनं तुला खोडरबर आणि मला शिसपेन म्हणायला सुरुवात केली, ती काही उगाच नाही. मी लिहीत सुटायची आणि तू खोडत सुटायचास. तुझ्या-माझ्या खोलीत एकच भिंत आहे, तरी पत्र लिहितेय. समोर आले तर आवाज चढेल, आणि मग तू कपाळाला हात लावून म्हणशील, बाई चिडल्या. चिडणं कधीच मागे पडलं रे. मला किळस आलीय.

वर्गाचे दोन तुकडे करून एक सत्र उलटलं. सकाळी वाचन, दुपारी लेखन. वाचनाच्या खोलीत पेन न्यायला बंदी, कारण पुस्तकं खराब होतात. लेखनाच्या खोलीत पुस्तक न्यायला बंदी, कारण मुलं कॉपी करतात. दारात एक निळा प्लॅस्टिकचा टब ठेवलाय, त्यात पेनं टाकून मुलं माझ्यासमोर हात बांधून बसतात. वाचून काय वाटलं, असं विचारलं की म्हणतात, मॅडम, उत्तर दुपारी मिळेल. आणि मिळतंही! दुपारी लेखनाचे सर तयार सुरुवाती वाटतात. निबंधाची एक, अर्जाची एक, मत मांडायची एक. पाठ करा आणि खाली मजकूर भरा. निकाल चांगला लागला म्हणून सगळे खूश. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, आणि आपण जात्याला रंग देत बसलोय.

फाटकावरचे काका जिन्यावरून पडले, हे तुझ्या कानावर आलं असेल. मांडीचं हाड मोडलंय. मुलांनी त्यांना चार ओळी लिहाव्यात म्हणून मी नियम मोडून टबातली पेनं परत वाटली आणि पत्रांचा गठ्ठा घेऊन स्वतः हॉस्पिटलात गेले. काकांनी चष्मा लावून पहिलं पत्र उघडलं. ‘वरील उताऱ्यावरून असे दिसून येते की, आपला पाय मोडला आहे.’ दुसरं उघडलं, तेच. तिसरं, तेच. काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला, त्यांना वाटलं वरचा उतारा आपल्याला द्यायचाच राहिला. शेजारच्या खाटेवरचा पेशंट तर हसून हसून खोकायला लागला. मीही हसले. मग बाहेर व्हरांड्यात आले आणि मला स्वतःचीच किळस आली. या पोरांना काका रोज नावानं हाक मारतात, उशीर झाला तरी गुपचूप आत सोडतात, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की काका, फार दुखतंय का? मुलं वाईट नाहीत. वाईट आपण आहोत, ज्यांनी त्यांच्या तोंडात हे वाक्य कोंबलं.

तुला आपल्या पहिल्या तुकडीची, प्रयोगशाळेमागची ती खोली आठवते? गॅसचा वास, आणि पायाखाली पुठ्ठा घातला तरी डुगडुगणारं टेबल. एक पान वाचायचं, जिथे अडेल तिथे समासात लेखकाला प्रश्न विचारायचा आणि पान शेजाऱ्याकडे सरकवायचं. शेजाऱ्यानं लेखकाच्या वतीनं उत्तर लिहायचं, म्हणजे पान पुन्हा वाचणं आलंच. खिडकीजवळ बसणारी ती अबोल मुलगी आठव. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरची आठवण वाचायला दिली होती, तर तिनं समासात लिहिलं, ‘इथे तुम्ही घाबरला होतात का?’ तू ती ओळ पुन्हा पुन्हा वाचलीस आणि डोळे पुसायला चष्मा काढलास. नंतर मला म्हणालास, ही वाचते म्हणून लिहिते की लिहिते म्हणून वाचते, मला काही कळेना. वर्गाच्या नावात वाचन आधी की लेखन आधी, यावरून आपण किती भांडलो होतो! शेवटी तूच फळ्यावर ‘वाचन-लेखन’ लिहिलंस आणि म्हणालास की मागेपुढे कोणीही असो, मधली रेघ महत्त्वाची, ती खोडायची परवानगी मलाही नाही. त्या दिवशी तू मला फार आवडला होतास. आज सांगून टाकते.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? काल तुझ्या सहीचा नवा आराखडा माझ्या टेबलावर आला. दोन वर्ग कायमचे वेगळे, शुक्रवारी मंजुरी, त्याआधी माझी संमती हवी. पहिल्या पानावर एका ओळीत ‘वाचन’, दुसऱ्या ओळीत ‘लेखन’, आणि रेघ गायब. तेवढं मी गिळलं असतं. वरून दबाव असेल, तुलाही घरसंसार आहे. पण मी पान उलटलं. तुझ्या नावाखालचं पहिलंच वाक्य आहे, ‘वरील उताऱ्यावरून असे दिसून येते की, वाचन व लेखन स्वतंत्रपणे शिकवणे विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे.’ वर तुझ्या नावाशिवाय काही नाही रे. कोरा कागद आहे. हे तू लिहिलेलं नाहीस, हे मी शपथेवर सांगेन. पण तू ते वाचलंही नाहीस, आणि खाली सही ठोकलीस. मी सही केलेली नाही. समासात शिसपेनीनं एवढंच लिहिलंय, ‘कोणत्या उताऱ्यावरून?’ आणि पान तुझ्याकडे सरकवलंय. उत्तर तुझ्या अक्षरात हवं. माझा प्रश्न खोडलास तरी चालेल, पण खोडण्याआधी तो वाच.

अजून तरी तुझीच,
शिसपेन