दोनशे बाराव्या पानाचा तपास

ती. ताईस,

धाकट्या भावाचा कंबर धरून, पण मनापासून वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही ठीक आहोत असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? गेले दोन महिने मला तुझ्या भावजयीचा संशय येतोय.

कारण पुस्तकं. कॉलेजातल्या खेळाडूंच्या प्रेमकथा. एका हॉकी संघाचे म्हणे सहा भाग निघालेत आणि दर भागात एकेक खेळाडू प्रेमात पडतो (राखीव खेळाडूंचीही सोय आहे). मुखपृष्ठावर बिनशर्टाचा पोरगा स्टिक घेऊन उभा. असल्याला कुठल्या संघात घेतात? तो रागीट, पण आतून हळवा. ती अभ्यासू. तो नापास होऊ नये म्हणून ती त्याला गणित शिकवते आणि तिसऱ्या प्रकरणात गणित बाजूला राहतं. जन्मभर लोकांची पुस्तकं बांधली, पण असलं कॉलेज पाहिलं नाही. ही मात्र वाचताना गालातल्या गालात हसते. एकदा मला विचारलं, तुम्ही कॉलेजात काय खेळायचात? मी म्हटलं, कॅरम. तिनं पान उलटलं.

खरं सांगतो ताई, मी घाबरलो. सव्वीस वर्षांच्या संसारात आमचं बोलणं आता किल्ली, दूध आणि पाण्याची मोटार यांच्यापलीकडे जात नाही. पन्नाशीतल्या बाईला बावीस वर्षांचा कर्णधार लागतो, म्हणजे घरातला माणूस कुठेतरी कमी पडतोय, एवढं मलाही कळतं. कुठे, ते शोधायचं ठरवलं. आमच्या धंद्यात एक खूण आहे. पुस्तक कण्यावर उभं धरायचं आणि दोन्ही हात सोडायचे. जे पान सगळ्यात जास्त उघडलं गेलंय, तिथेच ते उघडतं. (कायद्याची पुस्तकं कुठेच उघडत नाहीत, त्यावरून वकिलांबद्दल माझं एक मत बनलंय.)

ही कामावर गेल्यावर तिचा दुसरा भाग दुकानात नेला, दार लावलं, हात सोडले. चुंबनाचं पान निघणार अशी मनाची तयारी केली होती. निघालं दोनशे बारा. अंतिम सामना हरलाय, घोटा सुजलाय, आणि अशात तो कर्णधार तिला विचारतो, तुझा दिवस कसा गेला? मग ती दीड पान बोलते आणि तो ऐकतो. दीड पान! मी ते तीनदा वाचलं. हिला हवंय ते हेच, अशी माझी खात्री पटली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, आज दिवस कसा गेला? ती म्हणाली, "काय फोडलंत?" दुसऱ्या दिवशी तिनं माझे खिसे तपासले. तिसऱ्या दिवशी, डॉक्टर काही म्हणाले का, असं खोदून खोदून विचारलं. पाचव्या दिवशी मात्र बोलली. दवाखान्यात तिला नोंदणीच्या खिडकीवरून उठवून मागच्या खोलीत फायली लावायला बसवलंय, त्याला आठ महिने झाले. आठ महिने, ताई, आणि मला पत्ता नाही. फार लाज वाटली. तेव्हापासून रोज तासभर ऐकतो. मधेच बोलायला जीभ वळवळते, पण कर्णधार आठवतो आणि गप्प बसतो.

असो. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ

ता. क. : पत्राचं खरं कारण हे की आता उलट तिलाच माझा संशय आलाय. मी कुणासाठी सुधारतोय, असं ती तुला फोन करून विचारणार आहे. हा लहानपणापासून असाच प्रेमळ, असं सांग. (तुझी बाहुली मोडली होती, तो विषय काढू नकोस.)

ता. क. २ : तिकडे तिसरा भाग मिळाला तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. गोलरक्षकाचं पुढे काय झालं ते कळेना. अभ्यासासाठी हवाय.

ता. क. ३ : वन्सं, हे अक्षर माझं आहे. पाकिटाला ह्यांनी दुकानातली खळ लावली, ती वाळायला तास लागतो. तेवढ्यात वाचून घेतलं. दोनशे बाराव्या पानाला मी कंटाळले होते हो. ती पोरगी दीड पान रडगाणं गाते. तिथे पुस्तक पालथं टाकलं, ते तीन आठवडे खिडकीत तसंच पडून होतं. माझं आवडतं पान मी ब्लेडनं कापून पर्समध्ये ठेवलंय, बाइंडरच्या ते लक्षातही आलं नाही. पण ह्यांना यातलं काही कळवू नका. काल मी बोलायला लागले, तर ह्यांनी आपणहून रेडिओ बंद केला.